माझा नसलेला रॉड

त्या वर्षी मला घरी परत जायचं होतं आणि ते कुणाला सांगता येत नव्हतं. कृषी पदवीचं पहिलं वर्ष. हॉस्टेलला जागा मिळावी म्हणून पप्पा ऑफिसातून रजा काढून कितीदा तरी पालमहून परभणीला आले होते. रोज संध्याकाळी मम्मीचा फोन यायचा. जेवलीस का, ती विचारायची. जेवले, मी म्हणायचे. "मला जमत नाहीये" हे वाक्य तयार असायचं, पण तेवढ्यात ती दुसरं काहीतरी विचारायची आणि ते राहून जायचं.

मला कुणी त्रास देत होतं असं नाही. मी नुसती थकलेली असायचे. सकाळी उजाडायच्या सुमाराला प्रॅक्टिकल. प्रत्येकीला शेतातला एक तुकडा, म्हणजे प्लॉट, दिलेला, त्यात हरभरा पेरलेला, आणि खुरपायचं आपलं आपण. डिसेंबरात परभणीची थंडी हाडात शिरते. हरभऱ्याच्या पानांवर आंब धरते, खारट-आंबट दवासारखी. ती हाताच्या भेगांत गेली की चरचरतं. तिथून धावत लेक्चरला, मग मेस, मग पुन्हा लेक्चर. दुपारी वहीवर पेन तसंच टेकवून मी झोपलेली असायचे.

हॉस्टेलवर मुलींना गावावरून ओळखायचे. माझ्या खोलीत एक बोरीची होती आणि एक झरीची. दोघी शेतकऱ्यांच्या घरच्या, मोठ्याने बोलणाऱ्या. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. घरी मराठीच बोलायचो, पण सदुसष्ट म्हणजे किती हे मला आधी मनात इंग्रजीत लावून बघावं लागायचं. पहिल्या आठवड्यात मेसमध्ये हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि सगळं टेबल हसलं. वाईट हेतूने नाही. पण त्यानंतर मी बोलणंच कमी केलं. न बोलण्याला तिथे घमेंड म्हणत. दोघी मला 'मॅडम' म्हणू लागल्या.

रेक्टर मॅडमना मात्र मी आवडायचे. त्या माझ्याशी इंग्रजीत बोलायच्या आणि दुसऱ्या मुलींना माझ्यासारखं शांत राहायला सांगायच्या. त्याने माझं काय होत होतं ते त्यांना कळत नसावं.

दिवाळीनंतर बोरीची घरून पाणी तापवायचा रॉड घेऊन आली, पिठाच्या डब्यात लपवून. हॉस्टेलवर रॉडला सक्त मनाई होती. बोरीचीला उशिरा आल्याबद्दल एकदा ताकीद मिळालेली होती, दुसऱ्या तक्रारीला जागा जाणार हे तिला सांगून ठेवलेलं. तिने रॉड टॉवेलात गुंडाळला आणि माझ्या बॅगेकडे बघितलं.

"मॅडम, तुमच्याकडं ठेवू का? तुमची बॅग कोण उघडायलंय?"

ठेव म्हटलं. नाही म्हणायला जास्त बोलावं लागलं असतं.

महिनाभर आम्ही तिघी कोमट पाण्याने आंघोळ करत होतो. तेवढा वेळ बरा जायचा. मग एका सकाळी आंघोळीला माझा नंबर असताना बादलीतला रॉड फट् वाजला आणि सगळ्या मजल्याची लाईट गेली. त्या दोघी खाली चहाला गेल्या होत्या. मी बटण बंद केलं आणि वाफाळत्या बादलीशेजारी उभी राहिले. पळावं हे सुचलंच नाही. रेक्टर मॅडम टॉर्च घेऊन आल्या. मागोमाग बोरीची धावत जिना चढून आली आणि दारातच थांबली.

मॅडमनी बादली बघितली, मग माझ्याकडे न बघता तिच्याकडे बघितलं. मला इंग्रजीत म्हणाल्या की हा तुझा नाही हे मला माहीत आहे, फक्त कुणाचा ते सांग.

"माझाच आहे, मॅडम," मी म्हणाले.

पुढे हॉस्टेलभर त्याचं कौतुक झालं, मैत्रिणीसाठी खोटं बोलली म्हणून. तसं काही नव्हतं. त्या क्षणी मला एवढंच दिसलं होतं, की आता मला घरी पाठवतील आणि मला काही सांगावं लागणार नाही.

मॅडमचा विश्वास बसला नाही, पण त्यांनी पप्पांना फोन केला. दुपारी पप्पा आले. ऑफिसात मॅडम बोलत होत्या आणि पप्पा हातातल्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत, सोडत, बरोबर आहे, बरोबर आहे म्हणत होते. बाहेर आल्यावर आम्ही पायरीवर बसलो. रागावतील असं वाटलं होतं. ते माझ्या हातांच्या भेगांकडे बघत होते.

"कपडे भर," ते म्हणाले. "जमत नसेल तर नाही जमत. पालमहून करू काहीतरी."

इतक्या महिन्यांपासून मला हेच ऐकायचं होतं. मी उठलेही. तेवढ्यात बोरीची आली, थेट प्लॉटवरून, चपलांना ओला चिखल.

"काका, रॉड माझा हाय. आमच्या घरून आणलेला. हिला चहाबी करता येत न्हाई, रॉड कुठून आणती ही?"

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. ते तिला म्हणाले, बाळा, हे मॅडमना सांग. ती आत गेली. बराच वेळ आवाज येत राहिला, जास्त करून मॅडमचाच. मग ती बाहेर आली, डोळे पुसत. रॉड जप्त झाला होता, पण स्वतःहून कबूल केलं म्हणून तिची जागा वाचली होती. आता पुढच्या वेळी दोघींनाही बाहेर काढणार होत्या.

"मग?" पप्पांनी विचारलं. "येतीस का?"

आता यायचं तर कारण सांगावं लागणार होतं. आणि ती तिथेच उभी होती, नाक ओढत, माझं उत्तर ऐकायला.

"शनिवारी येते," मी म्हणाले.

पप्पांनी मान हलवली. पिशवीतली धपाटी माझ्या हातात दिली आणि ते स्टँडकडे निघाले. मला बरं वाटलं असं नाही. झोप आली होती.

दुसऱ्या सकाळी नळाचं पाणी नुसतं हात लावला तरी बोटं बधिर करत होतं. झरीची बाथरूमच्या दाराशी टॉवेल पांघरून कुडकुडत उभी होती.

"शनिवारी घरी जायलात ना, मॅडम?" ती म्हणाली. "तुमचाच होता ना रॉड? मग येताना दुसरा घेऊन या."

बोरीची शेजारच्या बाथरूममधून हसली. मी तांब्या भरला, डोळे मिटले आणि अंगावर ओतला. तिघींनाही प्लॉटवर जायला उशीर होत होता.