मालनचे चार मजले

कोरोनातून उठलेल्यांसाठी चारकोपच्या एका दवाखान्यात व्यायामाचा वर्ग भरायचा. २०२१ची गोष्ट. अकरा दिवस ऑक्सिजनवर काढून मीही तिथे जात होतो. खुर्चीतून उठा, बसा. हात वर, श्वास आत. चाळीस वर्षं रंगभूमी गाजवलेला माणूस मी, पण दहाव्यांदा उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची.

शेजारच्या खुर्चीवर मालन. वय पंचेचाळीस, घरोघरी फिरणारी आरोग्य सेविका. दिंडोशीच्या इमारती चढून लोकांचा ताप विचारता विचारता स्वतःच आजारी पडलेली. नवरा वारलेला, मुलगी बारावीत. सोमवारी तिला कामावर रुजू व्हायचं होतं. अट एकच. चार मजले चढवतात, असं श्रुतिकाने लिहून द्यायला हवं.

श्रुतिका आमची फिजिओथेरपिस्ट. तिची कसोटी साधी होती: जिना चढताना बोलत राहायचं, वाक्य मध्येच तुटलं की थांबायचं. मालनचं दुसऱ्या मजल्यावरच तुटायचं.

"काका, तुम्ही नाटकात एवढं लांबलांब कसं बोलायचात हो?" मालनने विचारलं.

"श्वास चोरायचा. अर्थ जिथे थांबतो, तिथे आपणही थांबायचं. लोकांना वाटतं, वा, काय अभिनय! आपण हवा भरून घेत असतो."

"म्हणजे चीटिंगच की!"

"आम्ही त्याला विराम म्हणतो."

आठवडाभर शिकवलं तिला. किती वर्षांनी कुणी माझ्याकडे शिकायला बसलं होतं! मला भानच राहिलं नाही.

शुक्रवारी मालन चढू लागली, मागे श्रुतिका. मी खाली उभा. "ताई... घरात कुणाला ताप, खोकला? ... जेवणाला चव लागते ना?" प्रत्येक विराम जागच्या जागी. चौथ्या मजल्यावरून "झालं!" ऐकू आलं आणि मी टाळ्या वाजवल्या.

मग श्रुतिकाचा आवाज. "बस, आधी खाली बस! ऑक्सिजन चौऱ्याऐंशीवर आलाय. हे असं बोलायला शिकवलं कुणी तुला?"



"मी," मी खालून म्हणालो.

"काका, वाक्य तुटलं नाही तर मला कळणार कसं?"



अर्ध्या तासाने मालन एकेक पायरी उतरत आली आणि बाकावर बसली.

"सोमवार गेला तुझा. माझ्यामुळे," मी म्हणालो.

"नाही हो. दम पुरत नाही, हे मला दुसऱ्या मजल्यावरच कळलं होतं. पण इतकं झकास जमत होतं ना, थांबावंसंच वाटेना."

तिने ऑफिसात कामं वाटून देणाऱ्या वसुधा मॅडमना फोन लावला. "मॅडम, मला अजून... चढवत नाही. बैठ्या चाळी... द्याल का?"

"देतील. पण महिन्याभराने," फोन ठेवून ती म्हणाली. मग भिंतीला डोकं टेकून तिने डोळे मिटले. मीही.