रॅमचा घनपाठ
खोडरबराचा वास आला, की फलटणमधील ते संगणकदुरुस्तीचे छोटे दुकान मला आठवते. माझ्या गुरुजींची हस्तलिखित पोथी मी दोन वर्षे खपून संगणकावर उतरवली होती. पुढे यंत्र मंद वाटले, म्हणून हौसेने नातीकडून रॅमचा, म्हणजे त्याच्या तात्पुरत्या स्मृतीचा, वेग वाढवून घेतला. दुसऱ्याच दिवशी ते वारंवार बंद पडू लागले आणि पोथी उघडेचना, म्हणून ते त्या दुकानात नेले. शुक्रवारची नमाज आटोपून आलेल्या कारागिरांनी रॅमची पट्टी काढली, तिची सोनेरी कडा खोडरबराने निगुतीने घासली आणि परत बसवून तपासणी लावली. पडद्यावर चुकांच्या लाल ओळी उमटल्या. ते मला म्हणाले, "आवं गुरुजी, लय पळवलीय हिला! दिलेलं ध्यानात ऱ्हाईना तिच्या." यंत्र रॅममध्ये अंक लिहिते आणि ते पुढून-मागून वाचून ताडून पाहते, असे त्यांनी समजावले. मी हर्षाने म्हणालो, "अहो, हा तर आमचा वेदांचा घनपाठ! पदे पुढे-मागे म्हणायची, म्हणजे एक अक्षर ढळत नाही." "मग म्हणा की, पर हिच्यावानी पळत!" मी वेगाने आरंभ केला आणि चौथ्याच पदाला अडखळलो. "आली बघा लाल वळ!" म्हणत ते हसले, मीही पोट धरून हसलो. त्यांनी वेग मूळच्या मापावर आणला, तपासणी निर्दोष पार पडली आणि पोथी जशीच्या तशी उघडली. मी पडद्यालाच हात जोडले. आजही नित्यपाठात जीभ धावू लागली, की ती लाल ओळ दिसते, आणि मी पुन्हा पहिल्या पदापासून सावकाश आरंभ करतो.