टोपावरचं नाव

नवं भांडं घ्यायचं असलं की सुलोचनावहिनी ते आधी वाजवून बघायची. मधल्या बोटानं एक टिचकी मारायची आणि डोळे मिटून, घुमणारा आवाज विरेपर्यंत थांबायची. लालबागचा भांडीवाला वैतागायचा.

"वहिनी, टोप घेताय की तबला?"

"तबलो फुटलो तर गाणा थांबता," वहिनी म्हणायची. "टोप फुटलो तर चाळीस माणसा उपाशी रवतत."

ती माझ्या थोरल्या भावाची बायको. चाळीतल्या दोन खोल्या आणि एक पोटमाळा यात आम्ही सगळे राहायचो. वसंतदादा गेला तेव्हा तिची स्मिता अजून बालवाडीतही जात नव्हती. तेराव्याला पाहुणे पांगले आणि दुसऱ्या दिवशी वहिनीनं पुढच्या खोलीत दोन सतरंज्या अंथरून खानावळ सुरू केली. आधी गिरण्यांतले उरलेसुरले कामगार यायचे. पुढे मॉलचे वॉचमन, कुरियरवाले, हिंदमाताच्या साडीदुकानांतले सेल्समन येऊ लागले. मासे फक्त बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी. बाकीच्या दिवशी कुणी मागितलेच तर म्हणायची, "माझ्याकडे समुद्र नाय हा."

घरात काही बिनसलं की तिचं एक वाक्य ठरलेलं होतं, "आधी चूल, मगे बाकीचा." पोर आजारी असो, नळाला पाणी नसो, कुणाचं भांडण असो. हे वाक्य म्हणून ती शेगडी पेटवायची आणि मग त्या संकटाकडे वळायची.

आमच्याकडे भांडं नावाशिवाय घरात येत नाही. लग्न, पूजा, बारसं, काहीही असलं की एका घरातले टोप आणि पराती साऱ्या चाळीत फिरतात. त्या परत येतात त्या नावावरून. आणि नाव घालायचं ते घरातल्या कर्त्या पुरुषाचं. जुन्या भांड्यांवर आमच्या वडलांचं नाव होतं, नंतरच्यांवर वसंतदादाचं. वहिनीच्या लग्नातल्या कळशीवरसुद्धा तिच्या मामाचं होतं. ज्या घरात ती दिवसभर भांड्यांत असायची, त्या घरातल्या एकाही भांड्यावर तिचं नाव नव्हतं. आम्हाला कुणाला ते कधी खटकलं नाही.

खानावळीच्या पैशातून तिनं पहिला मोठा पितळी टोप घेतला, तेव्हा तो उचलायला मी सोबत गेलो होतो. टिचकी मारून झाली, भाव झाला, ती पदराच्या गाठीतले पैसे सोडवत होती. भांडीवाल्यानं यंत्राची सुई टोपावर टेकवली आणि मला विचारलं, "नाव काय घालू?" मी म्हटलं, "अ. रा. परब." म्हणजे अनंत रामचंद्र परब, म्हणजे मी. वहिनीनं अक्षरांवरून बोट फिरवलं. "बरा दिसता," एवढंच म्हणाली. त्यानंतर खानावळीचं प्रत्येक भांडं माझ्या नावानं घरात आलं.

माझा तेव्हा परळला गाळा होता. मिठाईचे पुठ्ठ्याचे खोके बनवायचो. एका दिवाळीला एका मोठ्या मिठाईवाल्यानं माझ्याकडून खोके घेतले, आणि सण संपताच दुकानाला टाळं लावून तो नाहीसा झाला. पुठ्ठा मी उधारीवर आणला होता. ज्या व्यापाऱ्याचा होता तो कोर्टात गेला. मी तारखांना गेलोच नाही. गेलो नाही म्हणजे होणार नाही, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. निकाल माझ्याविरुद्ध लागला. कागदावर पत्ता आमच्या खोलीचा होता.

उद्या कोर्टाचा बेलिफ जप्तीला येणार, असा वकिलाचा फोन आला, तेव्हा वहिनी खोबरं किसत होती. मी तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, "वहिनी, विचारलं तर सांग, गावी गेलाय."

तिची मान वर झाली नाही. "भाऊजी, मी खोटा बोलूचंय नाय. तुमका घरात रवाचा नसला, तर खराच भायर जावा."

दुसऱ्या दिवशी मी खरंच बाहेर गेलो. बायको सकाळीच वरळीला तिच्या ऑफिसला गेली होती, मुलं शाळेत. मी चालत हिंदमाताला पोचलो आणि एका साडीच्या दुकानात शिरलो, कारण तिथं गादीवर बसू देतात. सेल्समननं चहा मागवला, साड्या उलगडायला सुरुवात केली. "साहेब, कुणासाठी बघताय?" मी म्हटलं, "वहिनीसाठी." तो एकेक साडी अंगावर धरून दाखवत राहिला आणि मी सकाळभर "दुसरी बघू" म्हणत बसलो. त्याच वेळी माझ्या घरात काय चाललं होतं, ते मला नंतर वहिनीकडून आणि शेजारच्या म्हात्रेकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. म्हात्रेला पंच म्हणून उभं केलं होतं.

बेलिफ मध्यमवयीन होता, सभ्य होता. सोबत शिपाई आणि व्यापाऱ्याचा एक माणूस. वहिनीनं त्यांना आधी बसवलं, पाणी दिलं. जेवता का, म्हणून विचारलं. बेलिफ म्हणाला, "बाई, ड्यूटीवर जेवत नाही." टीव्ही आणि कपाट त्यांनी लिहून घेतलं. ते माझंच होतं. मग व्यापाऱ्याच्या माणसानं टोपांकडे बोट केलं.

"घरच्या स्वयंपाकाची भांडी आपण धरत नाही," बेलिफ म्हणाला.

"साहेब, ही घरची? यात आख्खी वरात जेवेल. हा धंदा आहे."

"धंदो माझो हा," वहिनी म्हणाली. "ज्याच्यावर हुकूम हा त्याचो नाय. माझ्या पैशांनी घेतलेले टोप आसत."

बेलिफनं टोप उजेडाकडे वळवला आणि वाचलं. "अ. रा. परब. हुकमावर हेच नाव आहे, बाई."

"नाव त्यांचा. टोप माझो."

"असं कसं?"

"तुमच्या घरातल्या भांड्यांवर कुणाचा नाव हा?" वहिनीनं विचारलं.

म्हात्रे सांगत होता, बेलिफनं यावर टोप खाली ठेवला आणि यादीचा कागद पुढं ओढला. मग म्हणाला, "मला दिसतं ते मी लिहितो. तुमचं असेल तर कोर्टात अर्ज करा." तीन टोप आणि दोन पराती खाली टेम्पोत गेल्या. त्यातल्या एका टोपात सकाळची आमटी होती. वहिनीनं ती बादलीत काढून घेतली, टोप घासला आणि मगच दिला. "उष्टो टोप कोर्टात धाडूचंय नाय," म्हणाली.

टेम्पो वळला आणि तिनं पदर खोचला. "आधी चूल." चाळीत दारोदार फिरून तिनं भांडी मागितली. कुणाचा टोप, कुणाची परात, कुणाची कढई. दुपारी चाळीस माणसं नेहमीच्या वेळेला जेवली. त्या दिवशी आमच्या शेगड्यांवर सगळ्या मजल्याची नावं चढली होती.

संध्याकाळी मी जिना चढत होतो तेव्हा म्हात्रे भेटला. हुकमावर माझं नाव आहे हे त्यानं ऐकलं होतं, पण टोपांसारखंच तेही वहिनीच्या धंद्याला नुसतं लावलेलं, असं त्याला वाटलं. म्हात्रेनं पाहिलं होतं ते एवढंच, की वहिनी एकटी उभी होती आणि खानावळीची भांडी गेली. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अनंता, वहिनीच्या खानावळीचं देणं काय रे? तुला किती भुर्दंड?"

"बघतोय काहीतरी मार्ग," मी म्हणालो.

हे एवढं एकच वाक्य. आठवड्याभरात ते चाळभर झालं. परबांच्या सुनेनं कर्ज केलं, दीर बिचारा निस्तरतोय. लोक मला सहानुभूतीनं चहा पाजायचे आणि मी तो प्यायचो.

वहिनीच्या कानावर हे नळावर आलं. एका बाईनं टोमणा मारला, "झेपत नाही तर करावं कशाला?" वहिनीनं हंडा भरून घेतला आणि म्हणाली, "माझ्या आमटीत मीठ कमी पडला तर सांगा, बाकी ऱ्हवंदे."

तिनं अर्ज केला. तारखांना ती सकाळचा स्वयंपाक उरकून जायची. एकदा माझ्यासमोर येऊन बसली. "भाऊजी, तुम्ही येवन एकच सांगा. भांडी तिची. बस."

मी हो म्हटलं. माझ्या वकिलानं घाबरवलं, की तिथं उभं केलं तर गाळ्याचं, यंत्राचं सगळं विचारतील. तारखेच्या सकाळी मी अंगात कणकण आहे म्हणून पोटमाळ्यावर पडून राहिलो. तिनं शिडीच्या दोन पायऱ्या चढून माझ्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. तिनं पेज करून झाकून ठेवली आणि एकटी गेली. अर्ज फेटाळला.

लिलावाच्या दिवशी मात्र मी तिच्याबरोबर गेलो. ओझं उचलायला तरी. कोर्टाच्या गोदामाबाहेर तिचे टोप ओळीनं मांडले होते. भंगारवाले पितळेचं वजन अंदाजत होते. वहिनी पुढं झाली, वाकली आणि आपल्याच टोपाला टिचकी मारून डोळे मिटले. भंगारवाले हसले. तिनं भिशीचे पैसे आणले होते, ते तिनं स्मिताच्या कानातल्यांसाठी साठवले होते. पराती तिला परवडल्या नाहीत. एक टोप तिनं घेतला, तो पहिला, सगळ्यात मोठा. बोली वाढत गेली तसा तिचा आवाजही वाढत गेला. शेवटी एक भंगारवाला दुसऱ्याला म्हणाला, "छोड ना, बाई सुननेवाली नहीं."

टॅक्सीत टोप आमच्या दोघांच्या मधे होता. मी म्हटलं, "वहिनी, माझं नाव काढून टाकू यावरचं."

"ऱ्हवंदे. घासून घासून जायत." मग बाहेर बघत म्हणाली, "देणा फेडा, भाऊजी. माका सांगू नकात, फेडा."

मी गाळा विकला, माटुंग्याला एका दुकानात हिशेबनीस म्हणून लागलो आणि हप्त्याहप्त्यानं फेडलं. शेवटचा हप्ता दिला ते तिला सांगितलं, तेव्हा तिनं माझं ताट वाढलं आणि माशांचा वार नसताना सुरमई वाढली. पण जिन्यावरचं वाक्य मी परत घेतलं नाही. आज घेऊ, उद्या घेऊ करत ते राहिलं. लोकांना तो विषय जुना झाला, तसा मला तो बरा वाटू लागला.

गेल्या वर्षी वहिनी गेली. खानावळ तिनं त्याच्या जेमतेम काही महिने आधी बंद केली होती. आता चाळ पाडून टॉवर होणार आहे, म्हणून स्मिता वरळीहून सामान आवरायला आली. तिनं पोटमाळ्यावरून मोठा टोप खाली घेतला, धूळ पुसली आणि माझ्यापुढं ठेवला.

"काका, हा तुम्ही ठेवा. तुमचाच आहे, नाव आहे तुमचं." मग जरा थांबून म्हणाली, "आईनं तेव्हा कर्ज करून तुम्हाला किती त्रास दिला. तरी तुम्ही कधी एका शब्दानं बोलला नाहीत."

मी टोपाकडं बघितलं. घासून घासून अक्षरं पुसट झाली होती, पण गेली नव्हती. मी बोलायला तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "वर्षश्राद्धाला यातच भात करू."

दुसऱ्या दिवशी टोप घेऊन मी भांडीवाल्याकडे गेलो. आता त्याचा मुलगा बसतो. त्यानं सुई सरसावली. "कैलासवासी घालायचं ना? आणि खाली 'स्मरणार्थ', मग तुमचं नाव."

"माझं नको. ते आहे तेवढं बस. नुसतं सुलोचना वसंत परब घाला. ठसठशीत."

"खाली काही?"

"घाला, हिने स्वतःच्या पैशाने घेतला. दोनदा."

तो यंत्र धरून थांबला. "दोनदा? काका, चूक तर होत नाही ना? एकदा कोरलं की कोरलं."

"म्हणूनच कोरा," मी म्हटलं.

वर्षश्राद्धाला चाळ रिकामी व्हायच्या आधीची शेवटची पंगत बसली. गॅलरीत सतरंज्या टाकल्या होत्या. म्हात्रे माझ्या शेजारी होता, आता त्याला ऐकू कमी येतं. स्मिता एका पोराच्या मदतीनं टोप कडेला धरून भात वाढत आली. माझ्या पानापाशी वाकली तशी तिला अक्षरं दिसली. तिनं ती मोठ्यानं वाचली आणि हातातलं उलथनं तसंच राहिलं.

"काका, दोनदा म्हणजे?"

"काय म्हणते रे?" म्हात्रेनं विचारलं.

मी पान बाजूला सरकवलं. "टोप खाली ठेव, स्मिता, आणि बस," मी म्हणालो. मग शेवटच्या पानापर्यंत आणि म्हात्रेच्या कानापर्यंत पोचेल एवढा आवाज काढला. "ते देणं वहिनीचं नव्हतं. माझं होतं."