नवे शॉकअप

काल सिंदी मेघेच्या गॅरेजवरून जाताना नव्या रबराचा वास आला आणि आमची जुनी अँबॅसिडर आठवली.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. माझ्या बायकोच्या, सुमनच्या, मणक्यात गाठ होती. उपचाराला नागपूरला नेताना गाडी आदळली की ती पदर दातांत धरायची. म्हणून नालवाडीच्या गणपत मिस्त्रीकडून मी मागचे झिजलेले स्प्रिंगचे पाटे, शॉकअप, रबरी बुश सगळं बदलून घेतलं. दुपारभर गाडीखाली पडून मीही नट आवळले.

दुसऱ्या दिवशी तिला उचलून मागच्या सीटवर बसवलं. केळझरच्या पुढे रस्ता उखडलेला होता. मी वळून विचारलं, "आता लागते का धक्का?"

"नाई जी, काईच लागत नाई."

मी खूश झालो, मिस्त्रीचं कौतुक करत राहिलो. ती स्वतःच्या मांड्यांना चिमटे घेऊन पाहत होती, ते दिसूनही मला उमगलं नाही.

नागपुरात डॉक्टरांनी तिच्या तळपायाला सुई टोचली. तिला कळलं नाही. आता इलाज उरला नाही, असं त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं.

परतताना त्या उखडलेल्या रस्त्यावर मी गाडी अगदी सावकाश नेत होतो.

"एवढी हळू काऊन चालवून राह्यले जी?" तिनं विचारलं.

मी पुढचा खड्डाही जपून चुकवला.