रिकामा खोका

शोरूमवाल्यांनी ब्रेक पॅडची किंमत सांगितली तेव्हा मी तडक उठलो आणि बाजारातल्या सुनंदाताईंच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. तिथे बाई हातोडा उगारून उभ्या होत्या. समोर कुण्या गिऱ्हाइकाने दुसरीकडून स्वस्तात आणलेलं पॅड होतं. एकाच घावात लोखंडी पट्टीवरचा थर सुटला आणि त्याचा भुगा उडाला.

"हे घालून घाट उतरणार होतात?" त्या ओरडल्या. गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरलं.

शोरूम ज्या कंपनीचे पॅड बसवतं, तेच त्यांनी मला निम्म्या भावात दिले. खोका छान होता. खिळे ठेवायला होईल म्हणून मी तोही मागितला. त्यांनी पॅड माझ्या हातात कोंबले आणि खोका टराटरा फाडला. तुकडे चपलेखाली चिरडले. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या.

"अहो, पुठ्ठाच तर आहे."

"अख्खा खोका भंगारातून उचलतात, नकली माल भरतात आणि विकतात. आमच्या ह्यांच्या गाडीला असल्याच खोक्यातले ब्रेक होते."

त्यांनी चिरडलेले तुकडे गोळा करून केरात टाकले.

माया म्हटलं की मला आजवर कुरवाळणारा हातच आठवायचा. अनोळखी माणसाच्या जिवासाठी रोज इतक्या त्वेषाने फाडणारा हात मी पहिल्यांदाच पाहत होतो.

घरी आलो. माळ्यावर गाडीच्या पार्टचे कितीतरी खोके मी जपून ठेवले होते. सगळे खाली ओढले. पुठ्ठा चिवट होता. बोटं सोलवटली तरी मी फाडत राहिलो.