काविळीचा पाला

बायकोबरोबर शेवटचं साधं काम केलं ते ओटीवर वाल सोलायचं. तेव्हाच पुण्याचा तो चष्मेवाला आला, कॉम्प्युटर तान्ह्या पोरासारखा छातीशी धरून. ही काविळीवर पाला द्यायची, तो कुठला ते त्याला नोंदवून घ्यायचं होतं.

"आजी, कुठे नोंद नसली तर परदेशातली कंपनी हा पाला आपलाच म्हणून हक्क सांगेल."

"नाव सांगितलं की गुण जातो, बाबा. चहा घे."

मला तो लबाडच वाटला. पण हसला, चहा प्याला, आमच्याबरोबर वाल सोलत बसला.

महिन्याभरात ही गेली. तो भेटायला आला, कॉम्प्युटर न घेता, रिकाम्या हाताने. पाल्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, नुसता रडला. त्याला मुक्कामाला ठेवून घेतलं.

सकाळी त्याला सड्यावर, वरच्या कातळमाळावर नेलं. नाव तिने मलाही सांगितलं नव्हतं. ती पाला खुडायची त्या झुडपाला हात लावून उभा राहिलो.