खडकावरचं टिनाचं शेड

बाबांचा आवाज आरमोरीला माझ्यापर्यंत कसा पोचायचा, ते मला नवऱ्याने समजावलं. तो मोबाइल दुरुस्त करतो. माझं माहेर भामरागडच्या पलीकडे, अन् टॉवर डोंगराआड. "एका वाटेनं नाई येत तो," तो म्हणाला. "थोडा डोंगराले धडकून येते, थोडा नदीच्या पाण्यावरून, थोडा झाडाईतून. सगळे सोबत पोचले तं बोलणं ऐकू येते. मागंपुढं झाले तं एकमेकालेच मारून टाकतात." म्हणून अख्ख्या गावात रेंज फक्त एका खडकावर. जरा बाजूला सरकलं की खेळ खलास.

बाबा रोज संध्याकाळी त्या खडकावर उभे राहून मला फोन करायचे. आई गेल्यापासून एकटेच होते, त्यात खोकला. मी मागेच लागले होते, नदी चढायच्या आधी माझ्याकडे या. एकदा रस्ता बंद झाला की दवाखानाही बंद. "विचार करून सांगतो," एवढंच म्हणायचे. असा राग यायचा मला! आदल्या वर्षी मी गाडी घेऊन गेले, तर हात हलवत परत पाठवलं होतं.

मग एकदा मोठ्या कौतुकाने म्हणाले, "पोरी, गाव माह्यासाठी खडकावर टिनाचं शेड टाकून राह्यलं. म्हाताऱ्यानं पाण्यात काऊन भिजावं म्हणे. बसाले बाकडंबी ठेवतात." ऐकून मलाही भरून आलं.

त्यानंतर फोन यायचा, पण नुसती खरखर, मध्येच एखादा अर्धा शब्द. नवरा म्हणाला, टिनानं सगळ्या वाटा अडवल्या, त्यांना उघड्यावर यायला सांग. अरे, पण सांगू कशी? सांगायचं त्याच फोनवरून ना! मी किंचाळायचे, "बाबा, शेडच्या बाहेर या!" बाबा तिकडून काहीतरी बोलतच राहायचे. त्यांचं 'हो' ऐकू आलं की निघायचं, असं मी ठरवून बसले होते. रस्ता अजून चालू होता. मग नदी चढली.

पूर ओसरल्यावर मी पोचले, तोवर बाबा तापाने गेले होते. त्यांना पलीकडे दवाखान्यात न्यायला वाटच नव्हती.

शेजारची बाई रडत म्हणाली, "म्या म्हटलं होतं त्याइले, भाऊ, बाहेर उभं राहून बोला, उघड्यावर ऐकू येते. तं म्हणे, लोकाईनं एवढ्या मायेनं बांधलं, बाहेर उभा राह्यलो तं त्याइले काय वाटल?"

बाबाच ते! कुणाचं मन मोडणं त्यांना जन्मात जमलं नाही. मला हसू आलं, अन् त्याच हसण्यात रडू फुटलं.

"पण तुले तं सांगितलं होतं ना त्याइनं?" तिने विचारलं. "पोरीले येतो म्हणून सांगितलं, न्याले येऊन राह्यली ते, असं रोज म्हणत आमाले. पाणी चढाच्या आदीपासून थैली भरून सडकेवर बसत होते."